मुख व जिव्हा यांचीं जन्मजात व्यंगें

मराठी वर्णमालेंतील पंचवीस स्पर्शव्यंजनांची मांडणी ज्या प्राचीन वैयाकरणांनीं केली, त्यांनीं वस्तुतः मुखाचा एक नकाशाच काढून ठेविला आहे. क-वर्ग कंठाशीं, च-वर्ग टाळूशीं, ट-वर्ग मूर्ध्याशीं, त-वर्ग दांतांशीं व प-वर्ग ओंठांशीं, असा घशापासून बाहेर येणारा हा क्रम आहे. आणि प्रत्येक वर्गांतील शेवटचें अक्षर नाकावाटे जाणारें आहे. शाळेंत हा क्रम पाठ केलेल्या किती जणांनीं पुढें आरसा घेऊन हीं स्थानें प्रत्यक्ष पाहिलीं असतील, हा प्रश्नच आहे. तोंडांत डोकावण्याची वेळ येते ती बहुधा घाबरल्यावर. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पांढरे मणि दिसतात, मुलाच्या जिभेवर लाल चट्टे उठतात, किंवा बाळाची जीभ पुरती बाहेर येत नाहीं असें आजीच्या ध्यानांत येतें. अशा वेळीं घरांत जी धांवपळ होते ती पुष्कळदां निरुपद्रवी गोष्टीसाठीं होते. आणि ज्या व्यंगाकडे वेळींच पाहावयास हवें असतें, तें टाळूच्या आड वर्षानुवर्षें तसेंच राहून जातें.

हीं व्यंगें समजण्यासाठीं मुख घडतें कसें, हें थोडें पाहणें अवश्य आहे. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाची लांबी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी असते. त्या वेळीं चेहरा असा नसतोच. भावी मुखाच्या खळग्याभोंवतीं पांच उंचवटे असतात. वर मध्यें एक, त्याच्या दोहों बाजूंस वरच्या जबड्याचे दोन, आणि खालीं खालच्या जबड्याचे दोन. हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांस येऊन भिडतात व सांधले जातात. वरचा ओंठ सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधून पुरा होतो. प्रत्येक मनुष्याच्या नाकाखालीं ओंठावर जी उभी पन्हळ दिसते, तिच्या दोन कांठांशीं हे सांधे पडलेले असतात.

टाळूची घडण याहून नवलाची आहे. तिच्या दोन फळ्या प्रथम आडव्या नसतात. जिभेच्या दोन्ही अंगांस त्या खालीं लोंबत असतात, कारण मधली सर्व जागा जिभेनें अडविलेली असते. आठव्या आठवड्याच्या सुमारास खालचा जबडा वाढतो, जीभ खालीं उतरते, आणि वाट मोकळी होतांच त्या फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात व मध्यरेषेवर एकमेकींस मिळतात. हा सांधा पुढून मागें जात बाराव्या आठवड्याच्या सुमारास पडजिभेपाशीं संपतो. ओंठाचा सांधा चुकला तर दुभंग ओंठ, टाळूचा चुकला तर दुभंग टाळू. कित्येक मुलांत दोन्ही. कधीं कधीं मूळ दोष टाळूचा नसून जबड्याचा असतो. खालचा जबडा फार लहान राहिला तर जीभ खालीं उतरूं शकत नाहीं आणि फळ्यांना मिळण्यास वाव राहत नाहीं. पिएर रोबँ या फ्रेंच वैद्यानें १९२३ सालीं लहान जबडा, मागें पडणारी जीभ व त्यामुळें कोंडणारा श्वास यांचें वर्णन केलें. अशा अर्भकास उताणें निजविल्यास जीभ घशावर पडून श्वास अडतो. म्हणून रुग्णालयांत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, त्यास पालथें ठेवितात.

आतां हा कालक्रम ध्यानांत घेऊन ग्रहणाच्या समजुतीकडे पाहावें. गरोदर स्त्रीनें ग्रहणांत विळीवर कांहीं चिरलें तर मुलाचा ओंठ कापला जातो, ही समजूत आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाहीं. दुभंग ओंठाचें मूल जन्मलें कीं वडील माणसें पंचांग काढून दिवस मोजूं लागतात. सहाव्या अगर आठव्या महिन्यांत एखादें ग्रहण सांपडलें कीं त्या आईस जन्मभर पुरेल एवढा बोल लागतो. परंतु सहाव्या महिन्यांत ओंठ सांधून चांगले तीन-चार महिने होऊन गेलेले असतात. सांधलेला ओंठ कोणत्याही विळीनें पुनः उकलत नाहीं. आणि ज्या आठवड्यांत तो सांधावयाचा असतो, त्या आठवड्यांत पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचें नुकतेंच कळलेलें असतें. १६ फेब्रुवारी १९८० रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कर्नाटक व आंध्र यांवरून गेली आणि महाराष्ट्रांतही सूर्याचा मोठा भाग ग्रासलेला दिसला. ग्रहण हेंच कारण असतें तर अशा प्रत्येक ग्रहणामागून दुभंग ओंठाचीं मुलें थव्यानें जन्मावयास हवीं होतीं. तीं जन्मतात तीं मात्र ग्रहण असलेल्या व नसलेल्या वर्षीं, ग्रहण पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या देशांत, जगाची सरासरी घेतां सुमारें सातशें जन्मांमागें एक या प्रमाणानें. मेक्सिकोंतही ग्रहण व दुभंग ओंठ यांची अशीच सांगड घातलेली आहे; पण तेथील जुन्या ॲझ्टेक लोकांत गरोदर स्त्री संरक्षणासाठीं पोटाशीं दगडी पातें बाळगी, आणि त्याच्या जागीं पुढें धातूची किल्ली किंवा टांचणी आली. आपल्याकडे पात्याला शिवावयाचें नाहीं, तिकडे पातें सोडावयाचें नाहीं. दोन्ही उपाय एकदम खरे असूं शकत नाहींत.

खरीं कारणें इतकीं सुटसुटीत नाहींत. कांहीं घराण्यांत हा दोष अनुवंशानें येतो. कांहीं वेळां गर्भारपणाच्या आरंभींचें धूम्रपान, मद्य, अनियंत्रित मधुमेह, किंवा अपस्मारावरील कांहीं औषधें यांचा संबंध असतो. म्हणून फेंफऱ्यावर औषध घेणाऱ्या स्त्रीनें मूल व्हावें असें ठरवितांनाच डॉक्टरांस विचारणें योग्य. औषध आपल्या मनानें बंद करणें मात्र त्याहून धोक्याचें. पुष्कळ मुलांत एकच असें कारण दाखवितां येत नाहीं. आईबापांस स्वतःस हा दोष नसतां एक मूल दुभंग ओंठाचें झालें, तर पुढील मुलास तो होण्याचा संभव शंभरांत सुमारें तीन ते पांच असतो. म्हणजे शंभरांपैकीं पंचाण्णवांहून अधिक वेळां पुढील मूल या बाबतींत निर्दोष असतें, हें अशा आईबापांस आवर्जून सांगितलें पाहिजे.

ओंठ दुभंगलेला दिसतो म्हणून त्याचा बोभाटा होतो. अधिक त्रास देते ती टाळू. टाळूला भोंक असलें कीं बाळास तोंडांत पोकळी धरून दूध ओढतां येत नाहीं. तें तासन्‌तास स्तनाशीं असतें आणि वजन मात्र वाढत नाहीं. प्यालेलें दूध नाकावाटे येतें. अशा बाळास उभट धरून, काढलेलें आईचें दूध पळी-वाटीनें किंवा दाबतां येणाऱ्या मऊ बाटलीनें थोडें थोडें पाजावें लागतें. जुन्या घरांतील बोंडलें याच कामास उपयोगी पडलें असतें. दुसरा त्रास कानाचा. घशापासून कानाच्या मधल्या भागाकडे जाणारी नळी टाळूच्या स्नायूंनींच उघडली जाते. ते स्नायु नीट जुळलेले नसले तर कानांत द्रव सांचतो, ऐकूं कमी येतें, आणि मूल मंद आहे असा गैरसमज होतो. ओंठावरील शस्त्रक्रिया सामान्यतः तीन ते सहा महिन्यांच्या वयांत करितात. दहा आठवड्यांचें वय, दहा पौंड वजन व रक्तांत दहा ग्रॅम हिमोग्लोबिन, हा शस्त्रवैद्यांचा जुना ठोकताळा आहे. टाळूची शस्त्रक्रिया नऊ महिने ते दीड वर्ष या अवधींत, म्हणजे बोलणें मार्गीं लागण्यापूर्वीं, व्हावी लागते. सुश्रुतसंहितेंत तुटलेल्या नाकाच्या जोडणीची जी रीत दिली आहे, तीच, नळ्या न घालतां, ओंठासही वापरावी असें सांगितलें आहे. तेव्हां ओंठास सुरी लावणें अशुभ समजणाऱ्यांस परंपरेचाही आधार नाहीं. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत दुभंग ओंठ व टाळू यांचा समावेश असून त्याखालीं मुलांवर मोफत उपचार होतात.

मराठींत टाळू हा शब्द डोक्यावरील मऊ जागेसही लावितात, आणि आजी तेल घालून ‘टाळू भरते’ ती हीच. या शब्दसाम्यामुळें एक गंमत होते. बाळाची टाळू रोज पाहिली जाते, पण ती वरची. तोंडांतली टाळू कोणी पाहत नाहीं. आणि ओंठ धड असून टाळू दुभंग असणें हा प्रकार कांहीं विरळा नव्हे. त्यांतही एक छुपा भेद आहे. वरची त्वचा अखंड असते, पण तिच्या खालचे स्नायु मध्यावर जुळलेले नसतात. कॅलनन या शस्त्रवैद्यानें १९५४ सालीं याच्या तीन खुणा सांगितल्या: दोन टोंकांची पडजीभ, मऊ टाळूच्या मध्यावर निळसर पारदर्शक पट्टी, आणि कठीण टाळूच्या मागील कांठास बोटाला लागणारी खांच. दोन टोंकांची पडजीभ असलेल्या पुष्कळ माणसांस कोणताही त्रास नसतो. पण एखादें मूल गेंगाणें बोलत असेल तर या तीन खुणा पाहावयास हव्यात. येथें वर्णमालेचा नकाशा पुनः उपयोगी पडतो. मऊ टाळू पडद्यासारखी उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, तेव्हांच ओंठांमागें वारा दाबून ‘प’ किंवा ‘ब’ फोडतां येतो. ‘म’ला मात्र ती वाट उघडीच लागते. म्हणून या मुलाच्या तोंडीं ‘मामा’ स्वच्छ येतो, आणि तें ‘बाबा’ म्हणावयास जातें तेव्हां तोही ‘मामा’सारखाच ऐकूं येतो. ‘पपई’, ‘काका’, ‘टोपी’ असे शब्द म्हणवून घेतांना नाकाखालीं लहान आरसा धरला असतां तो धुरकट होतो. अशीं मुलें शाळेंत नीट बोलत नाहींत म्हणून दटावलीं जातात. त्यांना दटावून टाळू जुळत नाहीं. आणखी एक इशारा असा: नाकामागील वाढलेल्या ॲडिनॉइड गांठी काढण्यापूर्वीं या खुणा अवश्य पाहाव्यात. कारण अशा मुलांत त्या गांठीच नाकाची वाट अर्धीमुर्धी बुजवीत असतात, आणि त्या काढल्यावर गेंगाणेपणा एकाएकीं वाढतो.

जिभेची घडणही अशीच तुकड्यांची आहे. तिचा पुढील दोन-तृतीयांश भाग एका मुळापासून व मागील भाग दुसऱ्या मुळापासून होतो, आणि तिचे स्नायु तर मानेच्या वरच्या बाजूकडून सरकत येतात. म्हणूनच पुढील भागाचा स्पर्श, त्याची चव, मागील भागाची चव आणि जिभेची हालचाल हीं वेगवेगळ्या मज्जातंतूंकडे वांटलेलीं आहेत. पुढील व मागील भाग जेथें मिळतात तेथें मध्यरेषेवर एक सूक्ष्म खळगा असतो. थायरॉइड ही कंठग्रंथि याच ठिकाणीं उत्पन्न होऊन मानेंत खालीं उतरते. क्वचित् ती उतरतच नाहीं आणि जिभेच्या मुळाशीं गुळगुळीत, लालसर गांठ होऊन राहते. ही गांठ नुसती मांसवृद्धि समजून कापून टाकणें घातक होय. कारण अशा बहुतेक माणसांत शरीरांतील एकमेव थायरॉइड तीच असते. गळ्याची सोनोग्राफी व रक्ततपासणी केल्याविना तेथें सुरी लावूं नये.

जिभेविषयीं घरांत सर्वांत अधिक चर्चा होते ती जिभेखालच्या पडद्याची. हा पडदा आंखूड असला कीं जीभ उचलतां येत नाहीं आणि बाहेर काढली असतां तिच्या टोंकाला बदामासारखी खांच पडते. शंभर नवजात मुलांत अशीं चार ते दहा आढळतात. पडदा दिसला कीं कापावा, नाहीं तर मूल बोबडें होईल, असा धाक घातला जातो. हा धाक बराचसा निराधार आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें म्हटलें आहे, कीं अशी जीभ असलेल्या निम्म्याहून कमी मुलांनाच अंगावर पितांना अडचण येते. तेव्हां पाहावयाचें तें पडद्याकडे नव्हे, पिण्याकडे. आईस वेदना होत असतील व बाळाचें वजन वाढत नसेल, तर प्रथम पाजण्याची पद्धत जाणत्याकडून तपासून घ्यावी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर डॉक्टरांनीं पडदा किंचित् कापणें हें अगदीं लहान काम आहे. घरीं नखानें वा पात्यानें तो फाडणें मात्र सर्वथा वर्ज्य, कारण लाळेच्या नळ्यांचीं तोंडें व मोठ्या शिरा तेथेंच असतात. बोलण्यासंबंधीं म्हणाल तर ‘र’ हें अक्षर मुलांच्या जिभेवर उशिरां येतें. चार वर्षांच्या मुलानें ‘राम’ला ‘लाम’ म्हणणें हें त्याच्या वयाचें लक्षण आहे. मोठ्या मुलास जीभ वर वळवून ‘ळ’ व ‘ण’ मुळींच म्हणतां येत नसतील, तर वाचातज्ज्ञास दाखवावें आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा. हठयोगप्रदीपिकेंत खेचरी मुद्रेसाठीं चांगला पडदाही दर सात दिवसांनीं केसभर कापीत जाण्याचा विधि आहे. पण योग्यांचा उद्देश निराळा, तान्ह्या बाळाचा निराळा.

बाळाची जीभ फार मोठी असून तोंडाबाहेर राहत असेल, तर तें लाडिक रूप समजूं नये. थायरॉइडचा रस कमी असणाऱ्या मुलांत हें लक्षण दिसतें, परंतु तें दिसूं लागेपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून जीभ वाढण्याची वाट न पाहतां जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतच टांचेच्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी करून घ्यावी. दोष आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेली एक लहानशी रोजची गोळी त्या मुलाची बुद्धि वांचविते.

उलट, ज्यांचें भय वाटतें त्यांतील पुष्कळ गोष्टी अगदीं निरुपद्रवी असतात. टाळूच्या मध्यरेषेवरील पांढरे मणि बहुसंख्य नवजात मुलांत असतात आणि कांहीं आठवड्यांत आपोआप जातात. प्राग येथील वैद्य एपस्टाइन यांचें नांव त्यांना मिळालेलें आहे. ते फोडूं नयेत, मीठ लावून घासूं नयेत. पुसल्यानें निघणारा व खालीं लाल जागा ठेवणारा पांढरा थर हा बुरशीचा, त्यास औषध लागतें. पण तोंडास मध लावूं नये. एक वर्षाच्या आंतील बाळास मध चाटविण्याची चाल आतां सोडलीच पाहिजे, कारण त्यांतील जंतुबीजांपासून बॉट्युलिझम हा पक्षाघातासारखा रोग होऊं शकतो. दोन-तीन हजार जन्मांमागें एखादें मूल दांत घेऊन जन्मतें. तो बहुतेक वेळां लवकर आलेला खरा दुधाचाच दांत असतो, जास्तीचा नव्हे; म्हणून तो हलत नसेल व जिभेस जखम करीत नसेल तर ठेवावा. वरचे दांत आधीं आले तर मामावर संकट, या समजुतीबद्दल एवढेंच म्हणावें कीं मामांनीं निर्धास्त असावें.

शंभरांत एक ते तीन माणसांच्या जिभेवर पांढऱ्या कांठाचे लाल चट्टे उठतात व आज येथें तर उद्यां तेथें सरकतात. जिभेवरील बारीक अंकुर तेवढ्या जागीं झडलेले असतात. तिखट लागलें तर झोंबतें, एवढाच त्रास. भेगाळलेली जीभही अशीच, फक्त भेगांत अन्न राहूं देऊं नये. जिभेच्या मध्यावर मागें दिसणाऱ्या गुळगुळीत लाल चौकोनी डागाची कथा मोठी बोधक आहे. १९१४ च्या सुमारास त्याचें वर्णन झालें, तेव्हां तो गर्भावस्थेंतील जिभेचा उघडा राहिलेला तुकडा समजला गेला, आणि तीच उपपत्ति पुस्तकांतून अनेक वर्षें चालली. आज तो बहुधा बुरशीमुळें होतो असें मानितात. हातांतील टेलिफोनच्या उजेडांत जीभ पाहण्याची सोय झाल्यापासून जिभेच्या मुळाशीं बाणाच्या टोंकासारख्या रांगेंत असलेले आठ-बारा मोठे अंकुर पाहून कर्करोगाच्या भीतीनें रात्र काढणारे लोकही आहेत. ते अंकुर सर्वांस असतात. टाळूच्या मध्यावरील हाडाचा टणक उंचवटा व गालाच्या आंतील पिवळसर रवाळ ठिपके यांचीही गोष्ट तीच.

घरांतील खरें संकट निराळ्या वाटेनें येतें, आणि तें जन्मतः आलेलें नसतें. तंबाखू, मशेरी, गुटखा यांनीं गालाच्या आंत पुसून न निघणारा पांढरा चट्टा पडतो; तो दुखत नाहीं म्हणून कोणी पाहत नाहीं. सुपारीनें तोंडाचें अस्तर ताठ होत जातें. १९५२ सालीं श्वार्ट्झ यानें केनियांतील पांच भारतीय स्त्रियांत याचें वर्णन केलें. पुढें सुपारी हेंच त्याचें मुख्य कारण ठरलें, आणि २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेनें नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक म्हटलें. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ सालीं बंदी आली, पण सुगंधी सुपारी घरच्या डब्यांत राहिलीच. याची पहिली खूण तिखट न सोसणें ही, दुसरी तोंड कमी उघडणें. स्वतःचीं मधलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून पुढच्या दांतांमध्यें बसवून पाहावींत. तीं मावत नसतील, किंवा तोंडांतील एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दंतवैद्याकडे, अथवा मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, त्याच आठवड्यांत जावें. मलम लावून आणखी महिना काढूं नये.